एकाच साक्षीदाराच्या दोन जबान्या

त्या पानाच्या तळाशी आदल्या रात्रीची तारीख होती, आणि भांडण त्या तारखेवरूनच पेटले.

पान होते एका कंपनीच्या पेमेंट प्रणालीतले. ग्राहकाला पैसे परत करणारे एक फंक्शन. त्याला काय द्यायचे, ते काय परत देते, कुठे अडते, एवढीच त्यावर माहिती. रकमेपुढे स्पष्ट लिहिले होते, 'रक्कम, रुपयांत'. त्यावर विसंबून बाहेरच्या एका कंपनीने आपला कोड जोडला. मग साडेबाराशे रुपये परत मिळायला हवे होते अशा एका ग्राहकाच्या खात्यात साडेबारा रुपये जमा झाले. फंक्शन पैशांत मोजत होते. सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी ते रुपयांवरून पैशांवर आणले होते. कोड बदलला, टेस्ट बदलल्या, कोडच्या चार ओळी वर बसलेली कॉमेंट मात्र तशीच राहिली. ही पाने त्या कॉमेंटमधूनच दर रात्री आपोआप तयार होत. म्हणजे सहा महिने रोज पहाटे तीच चूक नव्या तारखेनिशी छापली जात होती.

मी तेव्हा त्या कंपनीत डॉक्युमेंटेशन सांभाळत होते, त्यामुळे मीटिंगला मलाही बसवले. समोरची माणसे म्हणत होती, "पान तुमचं, तारीख कालची, आमचं काय चुकलं?" आमचा डेव्हलपर म्हणत होता, "पानाचं काय घेऊन बसलात, कोड बघा." तेवढ्यात एका बाईंनी शांतपणे विचारले, "मुळात ठरलं काय होतं, रुपये की पैसे?" यावर कुणीच बोलेना. कागद दोनच होते, कोड आणि कोडमधून निघालेले पान. बदलाच्या नोंदीत दोन शब्द होते, 'रक्कम दुरुस्त'. आधीची चूक सुधारली की नवी केली, हे त्या दोन शब्दांतून कळायला मार्ग नव्हता.

कॉमेंट शिळी होणे ही आमच्या धंद्यात बातमी नव्हे. नोकरीला लागलेल्या पोरालाही पहिल्या महिन्यात ते कळते. मला वेगळीच गोष्ट खुपली. शिळेपणा ओळखता येईल अशी दुसरी कुठलीच वस्तू आम्ही शिल्लक ठेवली नव्हती, आणि असे करून आम्ही शहाणपणा केला अशी आमची समजूत होती.

ही पद्धत आली कुठून ते आधी सांगते. फंक्शनच्या डोक्यावर ठरावीक चिन्हांच्या आत छोटा मजकूर लिहायचा. हे काय करते, कोणते पॅरामीटर घेते, काय परत देते, कोणती चूक फेकते. मग एक साधन सगळा कोड चाळून हे मजकूर उचलते, नावे आणि प्रकार थेट कोडमधून घेते आणि एकमेकांना जोडलेली शेकडो पाने उभी करते. जावा भाषेबरोबर 'जावाडॉक' आले ते १९९६च्या सुमारास. दिमित्री व्हान हेश यांचे 'डॉक्सिजन' १९९७ मधले. सी आणि सी++ वाल्यांचे त्यावाचून अजूनही पान हलत नाही. त्याआधी फंक्शनची माहिती कुठल्यातरी वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या माणसाच्या संगणकावर असे आणि कोडपासून दोन-तीन रिलीज मागे चालत असे. मजकूर कोडच्या शेजारी ठेवला की बदलणाऱ्याच्या नजरेला पडेल आणि तो तिथल्या तिथे दुरुस्त करील, हा विचार साधा होता आणि चुकीचाही नव्हता. वीस वर्षे मी ही साधने वापरते आहे. ती टाकून द्या असे मी म्हणणार नाही.

या कल्पनेचे मूळ म्हणून डोनाल्ड क्नूथ यांचे नाव घेतले जाते. माझ्या मते तिथे गफलत होते. क्नूथ यांनी १९८४ मध्ये जे मांडले, आणि 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली ज्या पद्धतीने लिहिली, त्यात माणसासाठीचा निबंध आधी येतो. विषय समजावताना जो क्रम सोयीचा, त्या क्रमाने लिहायचे आणि कोडचे तुकडे त्यात गुंफायचे. यंत्राला हवा तो क्रम नंतर एक साधन लावून देई. जावाडॉकने ही दिशा बरोबर उलटी केली. क्रम कोडचा, रचना कोडची, माणसाचा मजकूर रिकाम्या चौकटीत भरायचा. क्नूथ यांच्याकडे कोड लेखाच्या पोटात राहत होता. आमच्याकडे लेख कोडच्या दाराशी पाटीसारखा टांगला गेला.

आता त्या पानाकडे नीट पाहू. त्यावर दोन जातींची माहिती असते. एक यंत्राने कोडमधून काढलेली, म्हणजे फंक्शनचे नाव, पॅरामीटर किती, कोणत्या प्रकारचे. यात चूक होऊ शकत नाही, कारण ते कोडच आहे. दुसरी माणसाने लिहिलेली. रक्कम कोणत्या एककात, रिकामी यादी दिली तर काय होते, हे फंक्शन दोनदा बोलावले तर चालेल का. ही माहिती चुकू शकते, आणि वाचणाऱ्याला गरज असते ती नेमकी हीच. पान मात्र दोन्ही एकाच ठशात, एकाच रकान्यात मांडते. पहिलीवरचा विश्वास दुसरीवर सांडतो. वर तळाशी तारीख. ती तारीख पान कधी बनले हे सांगते. त्यातले वाक्य कुणी, कधी खरे करून पाहिले याविषयी ती चकार शब्द काढत नाही. जुनाट, पिवळ्या पडलेल्या वहीकडे माणूस संशयाने तरी बघतो. आमचे पान रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून समोर उभे राहत होते.

एवढ्यावर एक उत्तर हमखास मिळते, "मग शिस्त लावा, कॉमेंट वेळेवर बदला." क्षणभर मानू की शिस्त लागली. प्रत्येक कॉमेंट कोडशी तंतोतंत जुळते आहे. मला वाटते, खरा धोका तिथून सुरू होतो.

त्या मीटिंगच्या संध्याकाळी मी बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या बसस्टँडवर उभी होते. एका अंगाला रसेल मार्केटची गर्दी, पलीकडे सेंट मेरी बॅसिलिकाचा मनोरा, आणि बस काही येईना. मनात आले, समजा इथे वेळापत्रक लावणाऱ्याने उद्यापासून पद्धत बदलली. दिवसभर कोणती बस किती वाजता सुटली ते टिपायचे, रात्री ते नीट लिहून काढायचे आणि सकाळी तेच वेळापत्रक म्हणून डकवायचे. या स्टँडवरून एकही बस पुन्हा कधी उशिरा सुटणार नाही. साडेनऊची बस दहाला सुटली तर वेळापत्रकच दहाचे होईल. कागद दर दिवशी अचूक असेल, आणि म्हणूनच तक्रारीला जागा उरणार नाही. कारण बसला उशीर झाला असे आपण म्हणतो तेव्हा कागद आणि बस यांच्यातले अंतर दाखवत असतो, आणि ते अंतरच इथे रोज रात्री पुसले जाते.

कोडची तंतोतंत री ओढणाऱ्या पानाचे असेच होते. ते कोडला कधी खोटे पाडू शकत नाही. कोड चुकला तर तेही प्रामाणिकपणे चुकते. कोर्टात एकाच साक्षीदाराची जबानी दोनदा लिहून घेतली म्हणून दोन साक्षी होत नाहीत. पण आम्ही दोन कागद जुळले की निश्चिंत होतो.

दोन वेगळ्या साक्षी असल्या की काय होते याचे एक महागडे उदाहरण आहे. नासाचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळापाशी पोचताना हरवले. यानाची छोटी इंजिने जे धक्के देत, त्यांचा हिशेब करणारे जमिनीवरचे एक सॉफ्टवेअर पाउंड-बल सेकंदात आकडे देत होते. ते आकडे घेणारे त्यांना न्यूटन-सेकंद समजत होते. दोहोंत सुमारे ४.४५ पटींचा फरक. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जायचे यान ५७ किलोमीटरवर उतरले. अपघात म्हणून हे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. मला त्यातली वेगळी बाजू महत्त्वाची वाटते. दोन सॉफ्टवेअरमधल्या देवघेवीचा एक स्वतंत्र दस्तऐवज होता आणि त्यात एकक न्यूटन-सेकंद असे ठरलेले होते. म्हणून कोण चुकले हा प्रश्न लोंबकळला नाही. त्या दस्तऐवजाने यान वाचवले नाही, कारण त्याच्याशी कोड ताडून पाहिला गेला नाही. पण चुकीला चूक म्हणण्याचा अधिकार त्याने जिवंत ठेवला. तो दस्तऐवज त्याच कोडमधून काढलेला असता तर त्यावर पाउंडच आले असते. कागद आणि कोड यांचे एकमत झाले असते, यान मात्र गेलेच असते.

यावर कुणी म्हणेल, उलट पानावर पाउंड दिसले असते तर वाचणाऱ्याला आधीच खटकले असते. शक्य आहे. पण खटकायला त्याच्या हातात न्यूटन लिहिलेला दुसरा कागद असावा लागतो.

असा वेगळा कागद मुद्दाम ठेवल्याची एक जुनी गोष्ट शिवाजीनगर या नावावरून आठवते. ही वस्ती पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाई. शिवाजीनगर हे नाव पुढचे. भोसल्यांचा बंगळुराशी संबंध त्याहून कितीतरी जुना. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून हे शहर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या इथल्या कारभारात नारोपंत हणमंते होते. नारोपंतांचे पुत्र रघुनाथपंत यांच्या नावाशी 'राज्यव्यवहारकोश' जोडलेला आहे. १६७४च्या राज्याभिषेकाच्या आगेमागे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तयार झालेला, दहा वर्गांचा, राजकारभारातल्या शब्दांचा कोश. फारसी शब्दाला संस्कृत पर्याय. त्याच सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत, सरनोबताचा सेनापती.

आजच्या भाषेत सांगायचे तर तो कारभाराचा संदर्भग्रंथच. पण तो कचेऱ्यांतले कागद चाळून, चालू शब्द गोळा करून थांबला नाही. तसे केले असते तर मुजुमदाराच्या पुढे मुजुमदारच लिहिले गेले असते. कोणता शब्द चालतो आहे आणि कोणता चालावा, हे दोन्ही त्याने समोरासमोर ठेवले. कारभाराने त्याचे सगळे ऐकले असेही नाही. हुकूम, फौज, किल्ला, जमीन आपण आजही बिनदिक्कत म्हणतो. पण काय बदलले आणि काय नाही हे साडेतीनशे वर्षांनी आपल्याला मोजता येते, ते कोश व्यवहारापासून वेगळा उभा राहिला म्हणून. आमच्या पेमेंटच्या पानाकडे सहा महिन्यांपूर्वीचे ठरलेले सांगायचीही सोय नव्हती.

आता पान बनवणारे साधन काय उचलते आणि काय टाकते हे पाहायला हवे, कारण त्यातच खरी गोम आहे. ते फंक्शनच्या डोक्यावरची कॉमेंट उचलते. जावाडॉक तर मुद्दाम सांगितले नाही तर बाहेरच्यांना खुली असलेलीच फंक्शने घेते. फंक्शनच्या पोटात, एखाद्या विचित्र ओळीशेजारी लिहिलेली कॉमेंट पानावर येत नाही. आणि कोडमधला शहाणपणा बहुतेक तिथे असतो. "इथे एक वजा केले आहे कारण…", "ही तपासणी काढू नका, मागे काढली तेव्हा…". अशी वाक्ये रात्री अकरा वाजता, हात पोळल्यावर लिहिली जातात. डोक्यावरची कॉमेंट दुपारी, रिव्ह्यूत कुणी बोलू नये म्हणून लिहिली जाते. साधन दुपारची उचलते आणि रात्रीची टाकते.

कारण हरवण्याची किंमत युरोपने ४ जून १९९६ रोजी मोजली. एरियान ५ हे नवे रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटले. एरियान ४ मधून जसेच्या तसे उचललेल्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोठी संख्या १६ बिटांच्या खान्यात कोंबली जात होती. जुन्या रॉकेटच्या मार्गात ती संख्या कधी तेवढी वाढत नसे, नव्याच्या मार्गात वाढली. अशा धोक्याच्या सात संख्या आधीच ओळखल्या होत्या. चारांना संरक्षण दिले, तीन मोकळ्या सोडल्या, संगणकावरचा भार मर्यादेत राहावा म्हणून. निर्णय बेसावधपणे झालेला नव्हता. पण झाक-लुई लिऑन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने नोंदवले की या निर्णयाचे कारण सोर्स कोडमध्ये सापडत नाही, आणि दस्तऐवजांच्या ढिगात ते बाहेरच्या तपासणाऱ्याच्या नजरेआड गेले. कॉमेंटच्या बाजूचे लोक म्हणतील, म्हणजे कारण कोडजवळच हवे होते. अगदी बरोबर, मीही तेच म्हणते. फक्त ते कोडजवळ लिहिले असते तर त्या एका ओळीशेजारी, पोटात लिहिले असते, आणि पान बनवणाऱ्या साधनाने ते टाकले असते.

मर्यादा छापण्याची एक जुनी, चांगली चाल होती. बेल लॅबमधल्या युनिक्सची पहिली पुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ची. त्यातल्या पानांवर 'बग्ज' नावाचा एक मथळा असे. या प्रोग्रॅममध्ये काय बिघडलेले आहे, ते करणाऱ्यानेच त्याखाली लिहायचे. आपला दोष आपल्या हाताने लिहायची लाज वाटली की माणूस लिहिण्याऐवजी प्रोग्रॅम दुरुस्त करायला बसतो. पॅरामीटर आणि परतावा यांच्या चौकटी भरून घेणाऱ्या साधनाला अशी लाज निर्माण करता येत नाही. चौकट रिकामी राहिली एवढेच ते ओरडते.

आणि या ओरडण्याचे आमच्याकडे काय झाले ते सांगायला हवे. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुराला आली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये इथे शिवाजीनगरपासून फार लांब नसलेल्या मिलर्स रोडवर बस्तान मांडले. तेव्हापासून या शहरातल्या आणि पुण्यातल्या लाखो माणसांचे पोट दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचण्यावर चालते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तर आपण 'वायटूके'साठी दोन अंकी वर्षे शोधत कोबोलचे डोंगर उपसले. त्या कोडमधून त्या काळी पाने काढली असती तर त्यांवर इमानदारीने आले असते, 'वर्ष : दोन अंक'. जागा वाचवण्यासाठी केलेली ती तात्पुरती तडजोड होती आणि तिची मुदत शतक संपेपर्यंतच होती, हे कुठल्याच पानावर आले नसते.

ज्या धंद्यात रोज माणसे बदलतात, दोन आठवड्यांच्या 'केटी'वर, म्हणजे जुन्या माणसाने नव्याला काम समजावून देण्यावर, संसार हाती येतो, तिथे कागदाला जिवापाड जपायला हवे होते. आम्ही तो मोजायला लागलो. किती टक्के फंक्शनांवर कॉमेंट आहे? शंभरापैकी अठ्ठ्याण्णवांवर असली की काम झाले, क्लायंटला दाखवायला हिरवी खूण मिळाली. मग कोडमध्ये काय दिसते? 'सेट नेम' नावाचे फंक्शन, त्यावर कॉमेंट 'नेम सेट करते', पॅरामीटर 'नेम', त्यापुढे खुलासा 'नेम'. साधनाचे समाधान, पाहणाऱ्याचे समाधान, वाचणाऱ्याच्या हाती धुपाटणे. रिकामी चौकट निदान कबूल करते की इथे माहिती नाही. भरलेली पोकळ चौकट तेही कबूल करत नाही.

यात आमचा भाषेचाही एक पेच आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. मराठी, कन्नड, तमिळ, तेलुगूत विचार करणारी माणसे कॉमेंट इंग्रजीत लिहितात. माझ्या शेजारी बसणारी मुलगी चहाच्या टपरीवर मला सांगते, "अगं, त्या जुन्या बँकेच्या फाइलमध्ये शेवटची ओळ रिकामी येते ना, म्हणून तिथे एक वजा केलंय, नाहीतर एक व्यवहार जास्त मोजला जातो." किती नेमके वाक्य! कारण आहे, परिणाम आहे, जुन्या बँकेचा इतिहास आहे. तिने कोडमध्ये लिहिले, 'ॲडजस्ट काउंट'. पानावर गेले असते तर तेवढेच गेले असते. चुकलेल्या इंग्रजीला कुणी हसू नये म्हणून माणसे कमीत कमी शब्द लिहितात, आणि वगळलेल्या शब्दांत सगळ्यांत आधी कारणच जाते.

गेल्या तीन-चार वर्षांत या सगळ्याला नवे वळण लागले आहे, आणि हा लेख लिहायला बसले ते त्यामुळे. आता चौकट भरायला माणूस लागत नाही. कोड निवडा, बटण दाबा, यंत्र कोड वाचून स्वच्छ इंग्रजीत कॉमेंट लिहून देते. 'नेम सेट करते' असली थट्टा नाही, चांगली तीन-चार वाक्ये. त्या कॉमेंटमधून रात्री पाने बनतात. ती पाने वाचून दुसरे यंत्र नवा कोड सुचवते.

पूर्वीची कॉमेंट आळशी असली, शिळी असली, तरी ती एका माणसाच्या हेतूचा अवशेष होती. आमच्या पेमेंटच्या फंक्शनवरचे 'रुपयांत' हे चूक होते, पण निदान कधीतरी कुणीतरी रुपये मनात धरले होते एवढा पुरावा त्यात होता. त्या विसंगतीमुळेच प्रश्न विचारता आला. यंत्राने तो कोड वाचला असता तर पैसे पाहून पैसे लिहिले असते आणि विसंगती मिटली असती. ग्राहकाच्या खात्यात साडेबारा रुपये पडल्यावर पानाकडे पाहिले असते तर पान म्हणाले असते, बरोबर आहे. जिथे कोडच चुकला आहे तिथे हे यंत्र त्या चुकीला अस्खलित भाषेत कागदपत्र मिळवून देते. शिळ्या कॉमेंटपेक्षा मला अशी ताजी कॉमेंट जास्त धोक्याची वाटते. शिळी कॉमेंट कोडशी भांडते, ही भांडत नाही.

पेमेंटचे उदाहरण छोटे आहे, पैसे दोन दिवसांत परत गेले. पण हीच पद्धत आता कर, अनुदान, ओळख, औषधसाठा सांभाळणाऱ्या सार्वजनिक प्रणालींपर्यंत पोचते आहे. रेशनच्या दुकानात अंगठा जुळला नाही म्हणून परत पाठवलेल्या बाईने दाद मागायची तर 'प्रणाली चुकली' हे सिद्ध व्हावे लागते. कशाच्या तुलनेत चुकली? नियम काय होता आणि कोड काय करतो, हे दोन वेगळे कागद असतील तरच तिला बाजू आहे. कोड जे करतो तोच नियम असे एकदा झाले की ती बाई स्टँडवरच्या त्या बसची वाट पाहत राहील, जी कागदोपत्री कधीच उशिरा आलेली नाही.

उपाय माहीत नाहीत असे नाही. पायथनमध्ये 'डॉकटेस्ट' फार पूर्वीपासून आहे, रस्ट भाषेत ती सोय साधनातच बांधलेली आहे. पानावरचे उदाहरण खरोखर चालवून पाहिले जाते आणि उत्तर जुळले नाही तर काम अडते. उदाहरणापुरता शिळेपणा त्याने पकडला जातो. हेतू पकडला जात नाही. त्याहून बोलके आहे ते पायथनवाल्यांचे स्वतःचे वागणे. कॉमेंटमधूनही पाने काढू शकणारे 'स्फिंक्स' हे साधन गेओर्ग ब्रांडल यांनी मुळात पायथनच्या दस्तऐवजासाठी बनवले, आणि पायथनच्या लायब्ररीचा अधिकृत संदर्भग्रंथ मात्र आजही कोडबाहेरच्या वेगळ्या फायलींत माणसे हाताने लिहितात. साधन ज्यांचे, त्यांनीच त्याला आपला ग्रंथ लिहू दिला नाही. लिनक्स कर्नलनेही २०१६ पासून स्फिंक्स घेतले. तिथे कोडमधून काढलेले तुकडे हाताने लिहिलेल्या प्रकरणांच्या मध्ये बसवले जातात. कंटाळवाणे काम आहे, पैसे लागतात, आणि असा माणूस नेमायला आमच्या धंद्यात कुणाला आवडत नाही. मी ते काम करते, त्यामुळे माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे असे वाचणाऱ्याने खुशाल धरावे.

त्या पेमेंटच्या पानावर आता 'रक्कम, पैशांत' असे आहे. मीटिंग झाली त्याच दुपारी ते बदलले. गेल्या महिन्यात तिथे नव्याने लागलेल्या एका मुलाने मला फोन केला, पैशांतच का, बाकी सगळी फंक्शने तर रुपयांत आहेत. मी ती कंपनी सोडून बरेच दिवस झाले. बदल करणाऱ्या मुलीचा नंबर माझ्याकडे होता, म्हणून तिलाच विचारले. ती जरा वेळ आठवत राहिली.

"ठरलं होतं गं कुठल्यातरी कॉलवर," ती म्हणाली, "कारण होतं काहीतरी चांगलं."